दुखत नाही, तीच काळजीची गोष्ट

गुढीपाडव्याच्या अंकात मधुमेह आणि पाय यांबद्दल मी जेमतेम पानभर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. जवळजवळ सगळी पत्रं घरच्यांनी लिहिलेली, मुलानं वडलांसाठी, सुनेनं सासूसाठी. जिच्या पायाला जखम आहे तिनं स्वतः लिहिलेलं पत्र एकच. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मी २२ वर्षं सर्जन आहे, आणि माझ्या ओपीडीतही असंच असतं. पेशंट गप्प बसतो, बोलतात ते बरोबर आलेले. सांगण्यासारखं काही झालंय असं त्याला वाटतच नाही, कारण त्याला दुखत नसतं.

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. १४ वर्षांपासून शुगर आहे. उजव्या पायाच्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी आठ महिन्यांपासून रुपयाएवढी जखम आहे. तीन डॉक्टर झाले, मलमं बदलली, अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले. रोज ड्रेसिंग मी स्वतः करतो. शुगरही आता बरीच आटोक्यात आहे. दुखत अजिबात नाही, शेतातली सगळी कामं करतात. तरी जखम भरत का नाही? (एक वाचक, करमाळा)

'शेतातली सगळी कामं करतात' हे तुम्ही दिलासा म्हणून लिहिलंय. जखम न भरण्याचं कारण मला त्याच वाक्यात दिसतं.

तुमच्या-माझ्या चवड्याला एवढी जखम असती तर आपण लंगडलो असतो, टाचेवर चाललो असतो, दुसऱ्या दिवशी खाटेवर पडून राहिलो असतो. दुखणं आपल्याला बसवतं. वडलांच्या पायाच्या नसा १४ वर्षांच्या साखरेनं निकामी झाल्या आहेत. पाय बधिर, घाम येत नाही म्हणून कातडी कोरडी, आतले लहान स्नायू बारीक झाल्यामुळे बोटं आकडीसारखी वळलेली. त्यामुळे सगळा भार चवड्याच्या एका-दोन हाडांवर येतो. तिथे आधी घट्टा पडतो. घट्टा म्हणजे चपलेत कायमचा अडकलेला खडाच. त्याच्या दाबानं खालचं मांस आतल्या आत चिरडतं, आणि एक दिवस घट्टा फुटून जखम दिसते. वडील दिवसाला ५,००० पावलं चालत असतील तर त्यातली २,५०० त्या जखमेवर पडतात. सकाळी मलम लावून रात्रीपर्यंत २,५०० वेळा तिच्यावर उभं राहिलं, तर जगातलं कुठलंही मलम काय करणार?

म्हणून मलमाचा विचार बाजूला ठेवा आणि भार कसा काढता येईल ते बघा. तळव्याच्या अशा जखमेवर सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पायाला सगळीकडून नीट बसणारं, गुडघ्याच्या खालपर्यंतचं प्लॅस्टर. चवड्यावर येणारा दाब त्यामुळे पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. पहिलं प्लॅस्टर थोड्याच दिवसांत उघडून पाहतात, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलतात. नुसत्या बधिरपणामुळे झालेली जखम यात बहुतेकदा सहा ते बारा आठवड्यांत भरते. काढता येणारे बूटही मिळतात, पण लोक घरात आले की ते काढून ठेवतात आणि स्वयंपाकघर, न्हाणी, गोठा अनवाणीच फिरतात. प्लॅस्टर काढता येत नाही, तोच त्याचा गुण.

हे ज्ञान कुठून आलं तेही सांगते, कारण ते आपल्याच देशातलं आहे. तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले सर्जन पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. कुष्ठरोगात हातापायाची बोटं आपोआप झडतात असं तेव्हा सगळे धरून चालत. बोटं झडत नाहीत, न दुखणाऱ्या इजांनी झिजतात, हे ब्रँड यांनी दाखवून दिलं. बधिर पायाची जखम प्लॅस्टरमध्ये ठेवली की भरते, हा कुष्ठरोगाच्या दवाखान्यांतला अनुभव ते पुढे अमेरिकेतल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोगाच्या रुग्णालयात घेऊन गेले, आणि तिथून तो मधुमेहाच्या पायांपर्यंत पोचला. मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या, मायक्रोसेल्युलर) रबराची चप्पलही त्याच कामातून आपल्याकडे आली. पण माझे कितीतरी पेशंट ती चप्पल नको म्हणतात. 'ती महारोग्याची चप्पल, गावात लोक काय म्हणतील?' मी त्यांच्याशी वाद घालत नाही. आमच्या गावातला चांभार तेच रबर घालून वरून नेहमीच्या चामडी पट्ट्यांची चप्पल शिवून देतो. ती सगळे घालतात.

प्लॅस्टरच्या आधी डॉक्टरांकडून चार गोष्टी करून घ्या. पावलाच्या वरच्या बाजूची आणि आतल्या घोट्यामागची नाडी हातानं बघायला सांगा. रक्तच खाली येत नसेल तर प्लॅस्टर चालत नाही. जखमेभोवतीचा घट्टा आणि मेलेलं मांस सुरीनं तासून घ्या, तेही दर भेटीला. जखमेत बोथट सळी घालून ती हाडाला टेकते का ते बघायला सांगा, आणि एक्स-रे काढा. आठ महिन्यांची जखम आहे, आत हाड सडायला लागलेलं असू शकतं. तसं असेल तर किंवा पू असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मग प्लॅस्टर.

आणखी एक. वडलांची चप्पल उलटी करून बघा आणि आत हात घाला. मागच्या पावसाळ्यात एक शेतकरी टाचेची जखम घेऊन आले. मी त्यांच्या टायरच्या चपलेत बोट फिरवलं आणि मलाच टोचलं. तळातून बाभळीचा काटा आरपार आला होता, वर जेमतेम दोन मिलिमीटर टोक. टोकाभोवतीची जागा रक्तानं काळी पडली होती. त्या काट्यावर ते १२ दिवस चालले होते. मी काटा चिमट्यानं ओढून त्यांच्या हातावर ठेवला तेव्हा ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

घरी एवढं करा. दर रविवारी जखमेवर ड्रेसिंगच्या पाकिटाचा आतून स्वच्छ असलेला पारदर्शक तुकडा धरून पेनानं कडा उतरवून घ्या आणि तारीख टाका. भार काढल्यावर चार आठवड्यांत जखम निम्मी झाली तर ती वाटेवर आहे. नाही झाली तर त्याच औषधाचा पाचवा आठवडा करू नका. रक्तपुरवठा, हाड आणि भार हे तिन्ही पुन्हा तपासायला लावा.

प्रश्न : आईच्या पायाच्या जखमेवरून कापूस फिरवून कल्चरला पाठवला. स्यूडोमोनास नावाचा जंतू आला. रोज दोन वेळा शिरेतून इंजेक्शन, १४ दिवस, असं सांगितलंय. खर्च झेपणारा नाही. जखम लाल-गुलाबी आहे, पू नाही, सूज नाही. इंजेक्शनं घ्यायलाच हवीत का? (एक वाचक, लातूर)

तुम्ही वर्णन केलंय तशीच जखम असेल तर तिला अँटिबायोटिक लागत नाही. पण पाय मी पाहिलेला नाही, म्हणून इंजेक्शनं मनानं बंद करू नका. रिपोर्ट घेऊन दुसऱ्या सर्जनला पाय दाखवा आणि एकच प्रश्न विचारा : 'हिला जंतुसंसर्ग झालाय, की जखमेवर नुसते जंतू आहेत?'

उघड्या जखमेवर जंतू असणारच, अंगणात धूळ असते तसे. वरून कापूस फिरवला की तेच सापडतात. संसर्ग ठरवायचा तो डोळ्यांनी आणि हातानं : भोवती लाली, सूज, ऊब, दाबल्यावर दुखणं, पू. यातल्या निदान दोन गोष्टी हव्यात. कल्चर करायचंच तर जखम धुऊन, मेलेलं मांस काढून, तळातून मांसाचा लहान तुकडा घेऊन करावं. त्याचा रिपोर्ट खरा बोलतो.

आपल्याकडे हे जास्तच महत्त्वाचं आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत अशा जखमांत मुख्यतः स्टॅफिलोकोकस सापडतो असं वाचून आम्ही शिकलो. भारतात मात्र स्यूडोमोनास, ई. कोलाय, क्लेब्सिएला हे जंतू फार सापडतात. आपण मातीत, पाण्यात, चिखलात उघड्या पायांनी वावरतो, जखम उशिरा दाखवतो, आणि येण्याआधी मेडिकलमधून दोन-चार अर्धवट कोर्स झालेले असतात. त्या अर्धवट कोर्सांतून वाचलेले जंतूच पुढे साध्या औषधांना दाद देत नाहीत आणि महागडी इंजेक्शनं लागतात. गरज नसताना घेतलेली गोळी म्हणूनच निरुपद्रवी नसते. खरा संसर्ग असेल तेव्हा मात्र औषध पुरतं घ्यायचं. मांसातला असेल तर साधारण एक-दोन आठवडे, हाडात शिरला असेल आणि हाड काढलं नसेल तर सहा आठवड्यांपर्यंत. पू साठला असेल तर तो चिरूनच काढावा लागतो. पुवाच्या पोकळीत औषध पोचत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले, पण अंगात मुरलं ते घरच्या प्रसंगानं. माझे वडील शिक्षक होते, निवृत्तीनंतर गावी राहत. एका भाद्रपदात त्यांचा फोन आला, पायाच्या बोटांत जरा चिघळलंय. मी फोनवरच गोळ्या सांगितल्या. आठवड्यानं विचारलं, 'कसं आहे?' म्हणाले, 'दुखत नाही.' मी दुसऱ्या गोळ्या सांगितल्या. दिवाळीला घरी गेले, पाडव्याच्या सकाळी त्यांच्या पाया पडायला वाकले, आणि मला वास आला. मोजा काढला तर दोन बोटांच्या मधून पू पावलाच्या वरपर्यंत चढलेला. ताप नव्हता. साखर मात्र चारशेच्या घरात. त्यांची दोन बोटं त्या दिवाळीत गेली. तेव्हापासून पाय पाहिल्याशिवाय मी कुणालाही गोळी लिहून देत नाही. आणि हेही लक्षात ठेवा : ताप नाही म्हणून संसर्ग नाही असं मधुमेहात धरता येत नाही. काही कारण नसताना साखर अचानक चढली तर आधी मोजे काढून पाय बघा.

प्रश्न : जखमेवर हळद, मध, चहापूड यांपैकी काय चांगलं? (एक वाचक, परभणी)

यांतलं काहीच नको. चुना, तंबाखू, रुईचा चीक, रॉकेल हेही मी जखमांतून धुऊन काढलेलं आहे. मधावर अभ्यास झाले आहेत, पण मधानं ही जखम भरते असं खात्रीनं सांगावं एवढा पुरावा नाही. दवाखान्यातलं फेसाळणारं पेरॉक्साइड आणि स्पिरिटही रोज ओतू नका, नवं येणारं कोवळं मांस त्यानं जळतं. सलाइन किंवा उकळून गार केलेलं पाणी, वर स्वच्छ ओलसर गॉज, एवढं पुरतं. कुरूप काढायच्या पट्ट्या बधिर पायाला लावू नका, त्यांतलं आम्ल चांगली कातडीही खातं. आणि कुणी विटेचा किंवा गरम पाण्याचा शेक सांगितला तर साफ नाही म्हणा. शेकानं भाजलेले तळवे मी दर हिवाळ्यात बघते, आणि पेशंटला त्याचा पत्ता फोड आल्यावर लागतो.

प्रश्न : मी ५५ वर्षांची आहे. डाव्या पायाचं जोडव्याचं बोट काळं पडलंय. डॉक्टर कापायचं म्हणतात. एकदा कापलं की वर वर कापत नेतात असं सगळे सांगतात, आमच्या शेजाऱ्यांचं तसंच झालं. सासूबाई म्हणतात जोडवी काढायची नाहीत. मी काय करू? (एक वाचक, मोहोळ तालुका)

जखम असलेल्या बाईनं स्वतः लिहिलेलं हे ते एकमेव पत्र. खाली फोन नंबर होता, म्हणून ज्या दिवशी मिळालं त्याच संध्याकाळी मी या ताईंना फोन केला. काळं पडलेलं बोट पुढच्या अंकापर्यंत थांबत नाही. पुढचं त्यांच्या परवानगीनं लिहिते.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. बोट इतकं सुजलेलं की जोडवं वरून दिसतच नव्हतं, दोन मांसाच्या वळ्यांमध्ये चांदीची नुसती रेघ. कडेला ओल आणि वास. आमच्याकडे अंगठी कापायचं हत्यार नव्हतं, सोनाराकडून पक्कड आणवली. कापलेलं जोडवं मी धुऊन त्यांच्या सासूबाईंच्या हातात दिलं. त्या बाईंनी ते कपाळाला लावलं आणि सुनेला म्हणाल्या, 'पाय राहिला तर दुसरं घालशील.' मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

पावलावर नाडी लागत नव्हती. त्या काळं झालेलं बोट घेऊन आल्या होत्या, पण दोष वर, मांडीच्या रक्तवाहिनीत होता. शेजाऱ्यांचं 'वर वर कापत नेलं' ते बहुधा यामुळेच होतं. रक्त येत नसलेल्या जागी बोट कापलं तर कापलेली जखमही भरत नाही, ती काळी पडते, मग पाऊल, मग पोटरी. कापण्याला घाबरून घरी बसलं तरी शेवट तोच. म्हणून कापण्याआधी विचारायचं : 'डॉपलर केला का? रक्तपुरवठा वाढवता येईल का?' डॉपलर म्हणजे रक्तवाहिनीतून रक्त कसं वाहतं ते ध्वनिलहरींनी बघायची तपासणी. पू पसरत असेल तर मात्र तो आधी, त्याच दिवशी काढावा लागतो. आम्ही तेवढं केलं आणि त्यांना सोलापूरला पाठवलं. तिथे अँजिओप्लास्टी करून बंद रक्तवाहिनी उघडली, मग बोट काढलं. पाऊल शाबूत आहे, जखम भरत आली आहे.

खर्चासाठी सगळ्यांना सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी तिथे जा आणि आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का ते विचारा. दागिना मोडण्याआधी हे करा. आणि घरात कुणी बिडी ओढत असेल, तंबाखू किंवा मिश्री लावत असेल, तर ती आजच सुटली पाहिजे. तंबाखूनं याच रक्तवाहिन्या बंद होतात.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे डॉपलर नाही, मोनोफिलामेंट नाही. मधुमेहाचे पेशंट मात्र रोज येतात. मी काय करू शकते? (बीड जिल्हा)

सिस्टर, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. एवढे पाय सर्जनकडून तपासून होणार नाहीत, ते तुमच्याकडूनच होतील.

मोनोफिलामेंट, म्हणजे बधिरपणा तपासायचा नायलॉनचा धागा, नसला तरी तुमचं बोट पुरतं. पेशंटला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना तर्जनीनं एक-दोन सेकंद अगदी हलकेच स्पर्श करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर तो पाय जोखमीचा, कार्डावर लाल पेनानं लिहा. मग बोटांच्या बेचक्या उघडून बघा, तळव्याचे घट्टे आणि टाचेच्या भेगा बघा, नाडी चाचपा. हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर एकाच जागी टेकवा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम, सुजलेलं आणि तरीही न दुखणारं असेल तर कातडी फुटलेली नसली तरी त्याला चालू देऊ नका आणि पुढे पाठवा. आतली हाडं खचत असू शकतात.

यंत्रांशिवाय हे काम होतं हे आधी सिद्ध झालेलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियात दारेसलामचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्या पुढाकारानं 'स्टेप बाय स्टेप' हा कार्यक्रम भारतात आणि टांझानियात चालला. त्यात एका केंद्रातून एक डॉक्टर आणि एक परिचारिका अशी जोडी प्रशिक्षणाला घेत. जोडी घेण्याचं मला विशेष वाटतं. डॉक्टरांची बदली होते, घट्टा तासायला आणि रोज पाय बघायला मागे सिस्टरच राहते.

प्रश्न : वडलांची तळव्याची जखम दीड महिन्यापूर्वी पूर्ण भरली. आता ते आळंदीपासून वारीला पायी जायचं म्हणतात, तेही अनवाणी, जखम भरली तर तसा नवसच केला होता. कसं समजवावं? (एक वाचक, जुन्नर)

वारी मला परकी नाही. आषाढात आमच्या तालुक्यातून दिंड्या जातात आणि मी त्यांतले पाय धुतलेले आहेत. तरीही यंदा पायी नाही, आणि अनवाणी कधीच नाही.

भरलेल्या जखमेवरची कातडी सायीसारखी असते. वरून एकसंध दिसते, खाली अजून घट्ट झालेली नसते. एकदा भरलेल्या अशा जखमा वर्षभरात शंभरातल्या ४० जणांना पुन्हा होतात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. तापलेलं डांबर, मग पाऊस, ओला पाय, आणि रात्री मुक्कामी पडल्या पडल्या झोप. बधिर पायाला यातलं काहीच कळणार नाही आणि 'माउलींनी दुखू दिलं नाही' असं वडलांना वाटेल.

यंदा त्यांनी दिंडीच्या गाडीतून जावं. मुक्कामाच्या ठिकाणी एमसीआर चप्पल घालून थोडं चालावं. दर संध्याकाळी तुमच्यापैकी कुणीतरी बॅटरी घेऊन त्यांचे तळवे बघावेत, त्यांच्या स्वतःच्या नजरेवर सोडू नये. देवळाच्या रांगेत चपला चालत नाहीत, तिथे जाड सुती मोजे घालावेत आणि पहाटेची वेळ धरावी, दुपारची फरशी भाजते. पुढच्या वर्षापर्यंत जखम पुन्हा झाली नाही तर चपलेसकट थोडे टप्पे चालण्याचं आपण ठरवू.

नवसाचं मात्र मी सांगू शकत नाही, ते त्यांनी त्यांच्या महाराजांना विचारावं. वडील ऐकले नाहीत तर रागावू नका. वारी आमच्या जिल्ह्यात आली की वाटेवरच्या एका मुक्कामी मी आणि आमच्या दोन सिस्टर पाटावर बसून वारकऱ्यांचे पाय बघतो. दिंडीचा नंबर मासिकाच्या पत्त्यावर कळवा. त्यांना शोधून त्यांचे मोजे मी स्वतः काढीन.